शिंपलेला कापूस

दलालानं आमच्या गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"काय गा," तो आमच्या ह्यांना म्हणाला, "कापूस आनला का विहीर?"

भोवती गाडीवाले जमले. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लबाड अमरावतीच्या बाजारात तेव्हा पुष्कळ. सापडला की माल परत, आणि पुन्हा कोणी दलाल त्याच्या गाडीला हात लावत नसे. पण ते लोक पाणी बेतानं मारत. आमच्याइतका मन लावून भिजवलेला कापूस कोणी पाहिला नव्हता.

"देवाशपथ, मी एक थेंब नाई टाकला," हे म्हणाले.

"मंग कोनं टाकला?"

"म्या," मी म्हणाले. (सतरा वर्षांची होते. अक्कल कमी, आवाज मोठा.) "दोन दिवस शिंपून राहिली. विहीर दिसली का एक घागर."

"काहून?"

"सुकू नाई म्हनून."

सगळा बाजार हसला.

त्यांनी खुशाल हसावं, पण आम्ही माळी. भाजीची गाडी निघाली की बाईनं मागं बसून पाणी शिंपायचं, हे मी चालायला शिकण्याआधी शिकले होते. त्या वर्षी कुठंतरी समुद्रापलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत होते, त्यामुळे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. (कसं ते विचारू नका. मी शाळेचं तोंडही पाहिलं नाही.) सासऱ्यांनी वांगी, मिरच्या, सगळा मळा उपटून कापूस पेरला. "कापूस नाई इकला तं सरकी चावान काय?" असं सासू रोज विचारायची. म्हणजे आमचं वर्षभराचं पोट त्या एका गाडीत होतं. मळ्यात फक्त कोथिंबिरीचा एक वाफा उरला होता. त्यातल्या जुड्या दलालाला भेट म्हणून मी फडक्यात बांधून आणल्या होत्या.

"थे काय भाजी हाय वं?" हे माझ्यावर ओरडले.

"या उन्हात मानूस सुकून राह्यलं, कापूस नाई सुकनार?"

हे मात्र खरं होतं. सकाळी वेशीतून आत शिरलो तेव्हापासून मी त्या शहराला शिव्याच देत होते. चैत्र चालू होता. बैल एकेक पाय उचलून उभे राहत. चाकाच्या लोखंडी धावेला बोट लागलं तर फोड आला. हवेत सगळीकडे कापसाचे तंतू, त्यामुळे ज्याच्या त्याच्या मिशा आणि भुवया पांढऱ्या. मला वाटलं, इथं म्हातारेच राहतात. यांना म्हटलंही, "तरने लोक मरून गेले वाटते उन्हानं."

दलाल हसून हसून दमला. "लबाड असती तं कबूल नसती झाली," तो म्हणाला. "दिवस बुडेपर्यंत वाळवा. नाई तं गाडी वापस."

यांची धोतरं, माझं दुसरं लुगडं, गाडीतलं पाल, जे होतं ते अंथरून आम्ही कापूस पसरला. ऊन तर फुकट होतंच. घटकाभरात वरचा थर वाळून हलका झाला, आणि तेवढ्यात वावटळ आली.

"आडवी हो वं!" म्हणत हे कापसावर पालथे पडले.

"इथं? लोकाईसमोर?"

"कापूस चालला ना वं!"

मी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि पडले. सासऱ्यांसमोर दोन वर्षांत मी यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आता भर दुपारी सगळी अमरावती आम्हा नवरा-बायकोला कापसाच्या बिछान्यावर शेजारी शेजारी पडलेलं पाहत होती.

"गादी तं लय भारी हाय, पाव्हनं," एक गाडीवाला म्हणाला. "उशी देऊ का?"

हे मला म्हणाले, "कूस बदल वं. तुह्याखालचा वाळला असन."

अशा आम्ही दिवस बुडेपर्यंत किती कुशी बदलल्या ते मी मोजलं नाही. बघणाऱ्यांनी मोजलं असेल. शेवटी दलालानं पुन्हा हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. "भाजला की गा," म्हणाला, आणि माल घेतला.

मग मी त्याला भेट द्यायला फडकं सोडलं.

त्या उन्हातून मी, हे आणि दोन्ही बैल जिवंत घरी आलो. मेली ती एकटी कोथिंबीर. तिच्यावर पाणी शिंपायचं राहून गेलं होतं.