अकरावा रकाना

लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर अकरा रकाने होते आणि त्यातला अकरावा छापल्यापासून कोणी वाचलेला नव्हता. पहिल्या दहांत दोर, ब्रेक, दरवाजे, धोक्याची घंटा वगैरे. अकरावा असा: ‘तपासणारा मेकॅनिक आज शरीराने व मनाने कामास योग्य आहे काय? होय / नाही.’ मेकॅनिक लोक वरून खाली एका दमात ‘होय’वर खुणा करत यायचे आणि शेवटी आपापला रबरी शिक्का हाणायचे. शिक्क्यावर नाव आणि परवान्याचा नंबर. सहीची कटकट नाही. एकाने तर उजवा हात प्लास्टरमध्ये असताना डाव्या हाताने ‘होय’ केलं होतं. कागदाची एक प्रत ऑफिसात जायची, दुसरी त्या लिफ्टमध्येच प्लास्टिकच्या पाकिटात लटकायची. तिथेही ती कोणी वाचत नसे.

या रकान्यात ‘नाही’ म्हणणारा पहिला इसम म्हणजे कानोबा.

हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून तो तिचं दुखणं सांगायचा, म्हणून सोबतच्या मेकॅनिकांनी पाडलेलं. बावीस वर्षं एकाच कंपनीत, वय अठ्ठेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडलेला नाही. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचा. ताई शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकून होती. निवृत्त झाली, पण कारकुनी काही सुटली नाही. घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा तिने तारीख टाकलेली असे.

गेल्या वर्षी कानोबाचं स्वतःचंच काहीतरी बिघडलं आणि तिथे कान लावून काही कळेना. लिफ्टच्या टपावर उभा राहिला की छाती धडधडायची, पाना हातातून निसटायचा, आता आपण पडणार अशी खात्रीच वाटायची. कारण विचाराल तर काहीच घडलं नव्हतं, आणि हेच त्याला जास्त लाजिरवाणं वाटे. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. हा मनाचा आजार आहे, बरा होतो, गोळ्या सुरू करा, मात्र तीन आठवडे उंचावर चढू नका, असं सांगून त्यांनी तशी चिठ्ठीही दिली.

‘‘ही चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘पाठदुखी सांग. पाठ म्हटली की लोक मलम सुचवतात. मनाचं म्हटलं की खुर्ची मागे सरकवतात.’’ आणि तिने त्याच दिवशी मावशीला फोन करून भावाची पाठ धरल्याचं जाहीरही करून टाकलं.

पण कानोबाला खोटं बोलताच येत नव्हतं. सद्‌गुण वगैरे काही नाही, निव्वळ सवय नव्हती. त्याने चिठ्ठी सुपरवायझरपुढे ठेवली. या सुपरवायझरला सगळे ‘होऊनजाईल’ म्हणत, कारण दोर झिजलेला असो की माणूस, त्याचं उत्तर तेवढंच असे.

‘‘टेन्शन मला नाही का?’’ तो म्हणाला. ‘‘मी खातो का गोळ्या? नव्या टॉवरची लिफ्ट आहे, दहा मिनिटांचं काम. होऊन जाईल.’’ मग नऊ मेकॅनिकांकडे वळून, ‘‘याच्या कमरेला दोरी बांधा रे कोणीतरी, नाहीतर उडी मारायचा!’’

नऊही जण हसले. सात जण घाबरून हसले, दोघांना खरोखरच हसू आलं. कानोबाला त्या दोघांचा राग आला नाही, सातांचा आला.

तो टॉवरवर गेला. जिना चढून नवव्या मजल्यावर पायरीवर बसला, कागद मांडीवर घेतला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अकरावा रकाना शेवटपर्यंत वाचला. प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. त्याने ‘नाही’वर खूण केली, शिक्का मारला, ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लावली आणि ऑफिसात येऊन कागद दिला. आता झालं असं, की नवव्या मजल्यावर मालकांचे व्याही राहत होते. ते नऊ मजले उतरले आणि उतरता उतरता प्रत्येक मजल्यावरून मालकांना फोन करत राहिले.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं: ‘मानसिकदृष्ट्या अयोग्य, वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, ग्राहकाची गैरसोय. सबब आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.’ चौकशी नाही, विचारपूस नाही. नोकरी गेली ती गेलीच, पण पत्रातल्या पहिल्या दोन शब्दांनी दुसरीकडची दारंही बंद केली. हे पत्र पाहून त्याला कोण लिफ्टच्या जवळ उभा करणार? आणि कानोबाला दुसरं काही येत नव्हतं. तो दिवसभर खिडकीत बसून राहू लागला. समोरच्या इमारतीची लिफ्ट वर जाताना कुरकुरायची, ते ऐकत.

कंपनीने त्याची हत्यारं खोक्यात भरून पाठवली. ताईने यादी हातात घेऊन एकेक वस्तू तपासली.

‘‘शिक्का कुठाय?’’

‘‘राहू दे ना ताई. रबराचा तुकडा तो.’’

‘‘रबराचा तुकडा? तुझं नाव आहे त्यावर!’’ ताई कडाडली. भाऊ आजारी पडला तेव्हा ती लाजली होती, नोकरी गेली तेव्हा रडली होती, पण शिक्का परत आला नाही म्हटल्यावर मात्र ती पेटली. तिने कंपनीला तीन पत्रं धाडली. तिन्हींना ‘शोध सुरू आहे’ असं उत्तर आलं. चौथं पत्र न पाठवता तिने भावाला दंडाला धरून वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाई तरुण होत्या आणि फार बोलत नसत. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि कामावरून काढल्याचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं, चष्मा पुसला आणि दावा घातला. मागणी साधी होती: नोकरी परत द्या आणि ते दोन शब्द मागे घ्या.

कामगार न्यायालय एका सरकारी इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. त्या इमारतीची लिफ्ट बारा वर्षं कानोबाच्याच हाताखालची. पहिल्या दोन तारखांना तो तिच्याकडे न बघता जिन्याने गेला. नोकरीवरून काढल्याला चार महिने झाले तेव्हा तिसरी तारीख आली, आणि नेमका त्या दिवशी ताईचा गुडघा सुजला. दोघं लिफ्टमध्ये शिरली. कानोबाने डोळे मिटून घेतले.

‘‘ब्रेक घासतोय,’’ तो पुटपुटला. ‘‘कोणी बघतंय की नाही हिच्याकडे?’’

ताई मात्र डोळे उघडे ठेवून होती. भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की ते वाचल्याशिवाय तिला राहवत नसे, आणि इथे तर प्लास्टिकच्या पाकिटात अख्खी थप्पी होती.

‘‘तूच बघतोयस,’’ ती म्हणाली.

चार महिन्यांचे चार कागद. चारहींवर त्याचा शिक्का, ठसठशीत. आणि अकराव्या रकान्यात चारही वेळा: होय.

झालं होतं ते असं. त्याच्या जागी घेतलेल्या माणसाकडे परवानाच नव्हता. होऊनजाईलच्या खणात शिक्का पडून होता. मग काय, हात सवयीने वरून खाली खुणा करत गेला आणि शेवटी शिक्का बसला. वाचतंय कोण!

कोर्टात कंपनीचे वकील अर्धा तास बोलले. हा मनुष्य कसा अस्थिर, जिन्यावर बसून कसा राहतो, अशाच्या हाती लोकांचे जीव कसे द्यायचे. वकीलबाई उठल्या. त्यांनी सुपरवायझरला साक्षीला बोलावलं आणि फक्त विचारलं, ‘‘या इमारतीची लिफ्ट गेले चार महिने कोण तपासतंय?’’

‘‘आमचा मेकॅनिक.’’

‘‘नाव?’’

सुपरवायझरने छताकडे पाहिलं. वकीलबाईंनी न्यायाधीशांना विनंती केली, शिपाई खाली गेला आणि पाकिटासकट थप्पी घेऊन आला. न्यायाधीशांनी चारही कागद वाचले. मग चष्म्यावरून वर बघत विचारलं, ‘‘ही लिफ्ट? मी रोज येतो ती?’’

‘‘हो साहेब.’’

‘‘म्हणजे यांनीच तपासली. मग तुम्ही यांना कामावरून काढलंच नाही, आणि तुमच्याच कागदानुसार हे मनाने अगदी ठणठणीत आहेत.’’

‘‘नाही, म्हणजे, यांनी नाही तपासली.’’

‘‘मग कोणी तपासली?’’

सुपरवायझरला ‘होऊन जाईल’ असं म्हणायची सोय इथे नव्हती. न्यायाधीशांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला आणि लिफ्ट ताबडतोब बंद करण्याचा हुकूम दिला. त्या संध्याकाळी सगळे पायी उतरले, न्यायाधीश सर्वांत पुढे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ताईचा फोन वाजला. मावशी होती. भाच्याची पाठ आता कशी आहे, असं विचारत होती.

ताई कठड्याला धरून उभी राहिली. मागे कानोबा, त्याच्यामागे कंपनीची सगळी वरात.

‘‘पाठ उत्तम आहे,’’ ती खणखणीत आवाजात म्हणाली. ‘‘मनाचा आजार आहे त्याला. औषध घेतोय, बरा होतोय. आणि मी तुला खोटं सांगितलं होतं.’’ फोन पिशवीत टाकून ती गुडघा सांभाळत पुढची पायरी उतरली. कानोबाने पुढे होऊन तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

निकाल दीड महिन्याने लागला. नोकरी परत, ते पत्र रद्द, शिक्का ज्याचा त्याच्या स्वाधीन. आणि कंपनीला तंबी, की त्या इमारतीची लिफ्ट आधी सुरू करा. म्हणजे कानोबाचं पहिलं काम तेच.

ताई ऐकेना, बरोबर आली. तळमजल्यावर स्टूल टाकून बसली. कानोबा वर गेला, टपावर उतरला. छाती धडधडली, पण पूर्वीइतकी नाही. त्याने ब्रेक बदलला, दोर तपासले, दाराला कान लावला. मग खाली येऊन कागद काढला. दहा रकाने भरले आणि अकराव्यापाशी थांबला. हात पुढे धरून बोटांकडे बघत बसला, चांगली पाच मिनिटं. येणारेजाणारे खोळंबले. एकजण म्हणाला, ‘‘अहो, मारा की खूण, उशीर होतोय!’’

‘‘तुम्ही जिन्याने जा,’’ ताईने सुनावलं.

कानोबाने ‘होय’वर खूण केली. शिक्का मारला.

माणसं सरसावली, पण ताई सगळ्यांच्या आधी उठली, सुजका गुडघा ओढत लिफ्टमध्ये शिरली आणि पाचव्या मजल्याचं बटण तिने स्वतः दाबलं.

‘‘वर काय काम आहे तुझं?’’ कानोबाने विचारलं.

‘‘काहीच नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘तू होय म्हणालास ना, म्हणून.’’