भूमला जायला गाडी

चार म्हातारे मिळून जुनी गाडी बघायला निघाले, की गाडी राहते बाजूला आणि किस्सेच गोळा होतात. येरमाळ्यात आमचं तसंच झालं. गाडी लागत होती माझ्या मंडळीसाठी. गुडघे गेल्यामुळं तिला एसटीची पायरी चढवेना, आणि तिची आक्का भूमला अंथरुणाला खिळलेली. रोज फोन, "कधी येतीस गं?"

*

पहिली गाडी धाराशिवला बघितली. आमच्या अण्णांनी जन्मभर बाजारात बैल पारखलेले. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, पाठीवर थाप मारली अन् मालकाला विचारलं, "इकता कशापायी?"

"पोरानं नवी घेतली, काका."

"चांगलं जनावर दावणीला असताना दुसरं कोण आणतंय? हिला खोड हाय!"

मालकानं चावी खिशात घातली. चहासुद्धा विचारला नाही!

*

दुसरीची ट्रायल भगवानरावांनी घेतली. सारी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. सवयीनं थांब्यावर ब्रेक मारला! एका म्हातारीनं दार उघडून पिशवी आत टाकली, "कळंबला जाती का रं?"

मागं बसलेला मालक ओरडला, "ओ काका, गाडी इकायची हाय, लाईनवर लावायची न्हाय!"

"बसू द्या की. जागा हाय."

म्हातारीला कळंबला सोडलं. गाडी काही मिळाली नाही.

*

तिसरी शाळेतल्या एका बाईंची. ह्या खेपेला मंडळीही सोबत होती. लहान, पांढरी, घर ते शाळा एवढीच चाललेली. पंक्चरवाल्या रहीमभाईंनी बॉनेटला कान लावला. "भाभी, डोळं झाकून घ्या."

मंडळी कुणाचा हात न धरता आत बसली. कितीतरी दिवसांनी हसली.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पितरांचा पंधरवडा चालूय. असल्यात गाडी दारात आणत्यात व्हय? घट बसल्यावर आणू."

"अण्णा, गाडी थांबंल. पेशंट थांबंल का?" रहीमभाई म्हणाले.

सगळ्यांनी त्यांनाच गप्प केलं. मीही अण्णांच्या बाजूनं मान हलवली. मंडळीनं तिथूनच फोन लावला, "आक्का, घटाला येती. आपल्या गाडीतनं!"

"ये बाई. वाट बघती."

*

सर्वपित्रीच्या आधीच आक्का गेली. मंडळी एसटीनंच गेली. कंडक्टरनं अन् मी उचलून चढवली.

बाईंनी मात्र गाडी आमच्यासाठी राखून ठेवली होती. घट बसले त्या सकाळी दारात आली. अण्णांनी नारळ फोडला, पण ते कुणाकडं बघेनात. मंडळी पुढच्या सीटवर बसली. भगवानरावांनी चावी फिरवली. एका फटक्यात चालू!

"बोला वहिनी, कुठं घेऊ?"

तिनं काचंतनं रस्त्याकडं बघितलं.

"भूम सोडून कुठंबी न्या."