नावावर लागलेला कुत्रा

या थंडीत मी तुम्हा नातवंडांकडे का येत नाही, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. तुमच्या आईने 'कुत्र्यामुळे' एवढंच सांगितलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंच.

इथे गडब गावात, आमच्या आळीत एक तांबडा कुत्रा आहे. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन फोटो काढले होते, तेव्हा तो पिल्लू होता. तो कोणाचा, असं कधी कोणी विचारलं नाही. सकाळी चहात बुडवलेलं बटर माझ्याकडे, दुपारचा भात शेजारी, संध्याकाळी मासळीची डोकी आळीच्या टोकाला. त्याला नावही नव्हतं, 'यू यू' म्हटलं की यायचा. मी दर थंडीत कुलूप लावून तुमच्याकडे निघायचे आणि त्याचं काय होईल हे माझ्या मनातही यायचं नाही. परत आले की तो आणखी जाड झालेला दिसायचा.

मग उन्हाळ्यात तुम्ही तुमच्या मांजरीच्या मानेतल्या चिपबद्दल सांगितलंत. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मांजर हरवली तर यंत्र फिरवून मालक कळतो. मला ते फार पटलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावणारी मी. पेणला लसीच्या शिबिरात चिपही बसवून देतात असं कळल्यावर मी त्याला रिक्षात घालून नेलं. तो वाटभर ओकला आणि थरथरत राहिला. डॉक्टरांनी सुई टोचली, यंत्र फिरवलं, आकडा उमटला. "मालक म्हणून कोणाचं नाव घालू?" त्यांनी विचारलं. एकच नाव घालता येत होतं. मी माझं सांगितलं.

परत आले तेव्हा शेजारीण कुंपणाशी उभी होती. तिचं आयुष्य मिठागरात गेलं. मी शाळेत शिकवायचे म्हणून सगळ्या गावासारखी तीही मला बाईच म्हणते. मी तिला कौतुकाने सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमच्या नावावर लागला," ती म्हणाली.

"नावावर म्हणजे काय, हरवला तर कळावं म्हणून."

"व्हय, पन लागला ना?"

हायवेसाठी जमिनी गेल्या तेव्हापासून नाव लागणं म्हणजे काय, हे इथे लहान मुलांनाही कळतं. शेजारणीच्या बांधावरचा आंबा मोजणीत दिराच्या बाजूला गेला. तेव्हापासून तिने त्याची खाली पडलेली कैरीही उचललेली नाही. भांडण नाही, दीर रोज तिच्याकडे चहाला येतो. पण नाव दुसऱ्याचं आहे, मग हात लावायचा नाही.

कुत्र्याचंही तसंच झालं. तो तिच्या दारात गेला की ती म्हणे, "जा, तुज्या मालकिनीकडं जा." हाडहूड नाही, अगदी गोडीने. टोकाच्या घरानेही तेच केलं. कोणाची कोंबडी गेली की लोक तिची पिसं माझ्या पायरीवर आणून टाकू लागले. हळूहळू तो कुठे जाईनासा झाला. तिन्ही वेळा माझ्याच उंबऱ्याशी बसू लागला.

दिवाळीनंतर तिकीट हातात आलं आणि मी शेजारणीकडे गेले.

"मी नसेन तेव्हा त्याला भात घालशील ना?"

"दरसाल घालतच व्हते की."

"मग यंदाही घाल."

"तवा तो कुनाचाच नवता, बाई. आता माज्या दारात मेला-बिला तर? मशीन फिरवली की तुमचंच नाव येल."

"मग तुझं नाव लावू. बदलून मिळतं, मी विचारलंय."

ती हसायला लागली. "माज्या नावावर घर नाय, आन कुत्रा लावताय?"

आतून तिची सून म्हणाली, "लावून घ्या आई, तेवढं तरी तुमचं व्हईल."

टोकाच्या घरानेही चहा पाजून हेच उत्तर दिलं. तुमची आई म्हणाली, त्याला घेऊनच ये, चिप आहे तर विमानात घेतात. पेणपर्यंतच्या रिक्षात जो अर्धमेला झाला त्याला मी विमानाच्या पोटात सामानाबरोबर घालू? चिप काढता येते का, हेही डॉक्टरांना विचारलं. काढत नाहीत म्हणाले. आणि त्यांनी काढली असती, तरी आळीला ते पटलं नसतं.

काल तिकीट रद्द केलं. संध्याकाळी शेजारणीला सांगितलं तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं.

"पोरं वाट बगत असतील," ती म्हणाली. मग आत गेली आणि मासळीची डोकी घातलेला वाडगा घेऊन आली. मासळीच्या वासाने कुत्रा तिच्या पायाशी जाऊन बसला. तिने वाडगा त्याच्या डोक्यावरून, कुंपणापलीकडून माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमच्या हातानं घाला."

कुत्रा तिच्या पायाशी थांबला नाही. उठून कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे आला.