गोणूच्या पोटातला कापूस

राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत गेलात तर तिला ‘गाढवाची मावशी’ म्हणूनच ओळखत. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट एखाद्या नवीन शिक्षकाने अदबीने ‘मॅडम’ म्हटलं, की ती मागे वळून बघायची, आपल्यामागे कोण उभं आहे ते.

शिक्षण खात्याच्या भांडारात ती शिवणकाम करायची. पडदे, बाकांवरच्या गाद्या, मुलांच्या नाटकांचे पोशाख, सगळं तिच्या हातचं. मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की शाळेशाळेत फिरणारा एक कापडी प्राणी असावा. सिंह झाला, हत्ती झाला, घुबड झालं, आणि शेवटी गाढवावर एकमत झालं. ज्या मुलांना शाळेत उठताबसता गाढव म्हणतात त्यांना जरा सोबत होईल, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. पहिलीतल्या पोराएवढं, पोत्याच्या रंगाचं, गुडघ्यापर्यंत कान लोंबणारं ते गाढव तिनेच शिवलं. नावही तिनेच ठेवलं, गोणू. आणि शिवणारीच बरोबर जाईल, म्हणजे वाटेत उसवलं तर प्रश्न नको, असं ठरून तीही त्याच्याबरोबर गाडीत बसली.

गाडी चालवणारा ड्रायव्हर गोणूला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावायचा आणि मावशीला मागे पाठवायचा.

“साहेब पुढे बसतात, मावशी. नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“गाडीत आपण तिघं. त्यात शहाणा एकच, आणि तो बोलत नाही. त्याला पुढे नको बसवायला?”

शाळेत पोचल्यावरही तीच थट्टा. मुख्याध्यापक दारातच म्हणायचे, “अहो, आणखी एक कशाला आणलंत? आमच्याकडे वर्ग भरलेत.” दर शाळेत हाच विनोद. मावशी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

गोणूचं खरं काम मात्र गोष्टी झाल्यावर, गाणी झाल्यावर सुरू व्हायचं. एक रिकामा वर्ग घ्यायचा. गोणूला खुर्चीवर बसवायचं. एकेका मुलाने आत यायचं आणि ज्याला जे वाटेल ते त्याच्या डाव्या कानात सांगायचं. गाढव ओझं वाहतं, तेव्हा तुमचं जड असेल ते त्याच्याकडे द्या, एवढंच मुलांना सांगितलेलं असे. मावशीने खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ऐकायचं नाही. हा नियम खात्याने केला होता, पण पाळत ती होती, मनापासून. मागे कुजबुज सुरू झाली की ती मनातल्या मनात टाके मोजायची. वर्षानुवर्षं असं करून तिचे कान खरंच बंद व्हायला शिकले होते. पोरं हलकी होऊन पळायची आणि ती गोणूला उचलून गाडीकडे न्यायची. वर्षाच्या शेवटी तो तिला उचलवेनासा व्हायचा. दमट हवेने कापूस जड होतो, हे शिवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. तरी ड्रायव्हर म्हणायचाच, “साहेबांचं वजन वाढतंय हो. काय काय खातात पोरांकडचं!”

मग एका शाळेचं छप्पर गळलं आणि गोणू रात्रभर भिजला. वास येऊ लागला. खात्याने नवीन कृत्रिम कापूस दिला, पांढराशुभ्र, फुसफुशीत. मावशीने पोटाची शिवण उसवून जुना कापूस बाहेर काढला. पिवळट, गच्च, गोळे झालेला. तो कचऱ्यात टाकायची तिला सूचना होती.

पण जन्मभर सुईवर पोट भरलेल्या बाईला कापूस टाकवतो होय? तिने तो घरी नेला, गच्चीत उन्हं दाखवली, हाताने बोट बोट पिंजला आणि आपल्या नातीला उशी केली. अभ्रा निळ्या चौकडीचा. नातीने लगेच उशीला मिठी मारली. “आजी, ही गरम आहे.”

“उन्हात होती ना, सोन्या.”

घरात तिघीच. मावशी, तिची लेक आणि ही पाच वर्षांची नात. जावई लांबच्या शहरात नोकरीला, महिन्याकाठी यायचा. सुट्टीत मावशी घरी असायची, तेव्हा दुपारी जेवण झालं की नात निजायची आणि मायलेकी स्वयंपाकघरात भांडी आवरत बोलत बसायच्या. अशाच एका दुपारी आतून आवाज आला, “पट्टी मी नाही मोडली. त्यानेच मोडली.”

लेक हसली. “कुठली पट्टी गं? शाळेतही जात नाही अजून!”

दुसऱ्या दिवशी, “बाबांच्या नव्या घरात माझी खोलीच नाहीये.”

हे ऐकून लेक हसली नाही. हातातली ताटली ओली ती ओलीच राहिली. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन करून इतके आडवळणाचे प्रश्न विचारले, की तो बिचारा शेवटी म्हणाला, “अगं, झालंय काय तुला?”

मावशीने तेव्हाच ओळखलं होतं. नात झोपेत बोलत होती हे खरं, पण आवाज तिचा नव्हता. आणि एकाच मुलाचाही नव्हता. पट्टीवालं पोर तोतरं होतं. खोलीवाली नाकात बोलत होती. नातीचे ओठ जेमतेम हलायचे आणि बोलून झालं की ती तोंड मिटून निवांत घोरायची. पण लेकीला काय सांगणार? उशी बोलतेय म्हणून?

तिसऱ्या दिवशी त्या दोघी नातीच्या उशाशीच बसल्या होत्या. नात कुशीवर वळली आणि सावकाश, पाठ केल्यासारखी, एकेका वाक्यामागे श्वास घेत बोलू लागली.

“आई उठत नाही. तिला चमच्याने पाणी पाजायचं. पिवळ्या बादलीतलं. कोणी आलं तर सांगायचं, आई कामावर, गेलीय. नाहीतर मला घेऊन जातील.”

‘कामावर’ म्हटल्यावर ती थांबली होती. तेवढ्यात घोट गिळल्याचा आवाज आला होता.

लेकीने आईचा दंड धरला. “आई, ही माझ्याबद्दल बोलतेय का गं? मला काही होणारेय का?”

“काहीतरीच काय! पोरं झोपेत वाट्टेल ते बरळतात.”

“मग बघ ना, मी उठतेय ना? रोज उठतेय ना मी?” असं म्हणत ती खरंच उठून उभी राहिली, आणि उभ्या उभ्या रडायला लागली.

मावशीने उशी काढून कपाटावर टाकली. त्या दिवसापासून नात शांत झोपू लागली. झोप उडाली ती मावशीची. घरात कुणी नसताना तिने उशी खाली घेतली आणि स्वतःचा कान तिच्यावर दाबून धरला. काही नाही. आपल्याच रक्ताची घरघर. तिने डावा कान लावला, उजवा लावला. म्हाताऱ्या कानाला ती उशी काहीच सांगत नव्हती. आणि नातीचं डोकं पुन्हा त्या उशीवर टेकवायची तिची हिंमत नव्हती.

म्हणजे राज्यात कुठेतरी एक घर होतं. त्यात एक पिवळी बादली होती आणि न उठणारी आई होती. कधीपासून उठत नव्हती? कापूस काढूनच आता कितीतरी दिवस झाले होते. त्याआधी कधीतरी एक मूल तिच्या पाठीमागे उभं राहून हे सगळं सांगून गेलं होतं, आणि ती खिडकीतून बाहेर बघत टाके मोजत होती. ते पोर मुलगा होता की मुलगी, एवढंही तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक शाळेत ती मुलांच्या तोंडाकडे बघू लागली. पोरं बिचकायची. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, असं बघू नका हो, पोरांना वाटेल आता गाढवाऐवजी तुम्हीच चावणार.” एरवी ती हसली असती.

दगडाच्या खाणीजवळच्या एका गावात गाडी गेली, तेव्हा शाळा सुटायला थोडाच वेळ होता. या शाळेत गोणू मागच्या खेपेला येऊन गेला होता. पोरं रांगेने आत येत होती आणि मावशी खिडकीशी उभी होती. मागे पावलं वाजली. मग बराच वेळ कुजबुज ऐकू आलीच नाही.

“मावशी, हा रिकामा आहे.”

ती वळली. सात-आठ वर्षांची पोरगी होती. तिने गोणूचं पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

“रिकामा कसा असेल? आंघोळ घातलीय त्याला.”

“आतलं कुठंय?”

“जुना कापूस भिजला होता गं. नवा भरला.”

“जुना टाकलात?”

“नाही. घरी आहे माझ्या, जपून ठेवलाय.”

पोरीचा चेहरा उतरला. “कोणी ऐकलं म्हणजे?”

मावशीचं लक्ष तिच्या कपड्यांकडे गेलं, शिवणारीचं जातं तसं. गणवेशाची खालची कड दुमडून मोठ्या मोठ्या टाक्यांनी धावदोरा घातला होता. बाहीचं बटण उलटं लावलं होतं आणि दोरा चुकीच्या रंगाचा होता. दोन वेण्यांपैकी एक कानावर, एक मानेवर. या पोरीच्या अंगावर मोठ्या माणसाचा हात कितीतरी दिवसांत फिरला नव्हता.

“तुझी आई कुठे असते गं?” मावशीने विचारलं.

“आई कामावर,” पोरगी थांबली, आणि घोट गिळून म्हणाली, “गेलीय.”

मावशीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

शाळा सुटल्यावर तिने गोणूला काखोटीला मारलं आणि पोरीच्या मागे निघाली. ड्रायव्हरला म्हणाली, “गाडी हळूहळू मागून आण. आणि एक अक्षर विचारू नकोस.” गोणू रस्त्याने चालला म्हटल्यावर शाळेतली निम्मी पोरं आपोआप मागे आली. पोरीने दोनदा वळून बघितलं आणि मग पळत सुटली.

घर एका गोदामाच्या मागे होतं, बाहेरून जिना चढून. मावशी वर पोचली तेव्हा पोरगी दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती. तिच्या पायाशी पिवळी बादली होती, त्यावर ताट झाकलेलं.

“आई कामावर गेलीय.”

“मला आत जाऊ दे, बाळा.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” आणि मग तिची नजर मावशीच्या काखेतल्या गाढवाकडे गेली. “यानं सांगितलं?”

जिन्याखाली पोरं उभी होती, माना वर करून, चिडीचूप. मावशीला ती दिसत होती. उशीचं सांगितलं, तर हीच पोरगी काय म्हणेल? गोणूनेच सांगितलं म्हणेल. आणि मग या राज्यातलं एकही मूल त्याच्या कानाला तोंड लावणार नाही. ज्यांना दुसरं कुणीच नाही, तीसुद्धा नाहीत.

“मी ऐकलं,” ती म्हणाली.

“तुम्ही खिडकीकडे बघत होतात.”

“तोंड खिडकीकडे होतं. कान तुझ्याकडे होते. चोरून ऐकलं मी.”

“मग इतके दिवस आला का नाहीत?”

“भित्री आहे मी,” ती म्हणाली, आणि एवढं मात्र खोटं नव्हतं.

पोरीने गोणूकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे यानं नाही सांगितलं?”

“जीव गेला तरी सांगितलं नसतं त्यानं.”

पसरलेले हात खाली आले.

आत अंधार होता आणि आजारपणाचा कोंदट वास. बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशीने तिच्या मानेखाली हात घातला आणि तिला चटकाच बसला. ताप होता. म्हणजे जीव होता. बाईचे ओठ फुटले होते, पण डोळे उघडले. “पोरीला नेऊ नका,” ती म्हणाली.

“तुम्हाला न्यायला आलोय. ती तुमच्याबरोबरच येईल, चला.”

ड्रायव्हरने तिला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. त्याच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही. मागची सीट आजारी बाईने व्यापली, पुढे पोरगी बसली, आणि गाडीत मावशीला जागाच उरली नाही. पोरीने काच खाली केली.

“मावशी, तुम्ही ऐकलंत ते त्याला नका सांगू,” ती मावशीच्या काखेतल्या गोणूकडे बोट दाखवून म्हणाली. “त्याला वाईट वाटेल.”

गाडी दवाखान्याच्या दिशेने गेली. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका धापा टाकत पोचल्या. “अहो, रोज शाळेत यायची हो ती! रोज! आम्हाला कुणालाच पत्ता नाही, तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकलं.”

“म्हणजे, तुम्ही त्या खोलीत…”

“हो.”

“सगळ्यांचंच?”

भोवती पोरं होती. मघापर्यंत जी मावशीच्या पदराला लोंबकळत होती, तीच एकेक पाऊल मागे सरली. एकाचे कान लाल झाले. एकीने मैत्रिणीचा हात धरला. आपण काय काय सांगितलं होतं ते प्रत्येकजण आठवत होतं, आणि मावशीच्या तोंडाकडे बघत होतं. हिला माझं माहीत आहे. माझंही माहीत आहे.

मग सगळ्यात धाकटी, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी, धीर करून पुढे आली. तिने गोणूचा पाय धरला.

“द्या त्याला आमच्याकडे.”

“अगं, तो शाळांचा आहे, मला परत न्यायचाय…”

“तुमच्याजवळ नको.”

मुलीने ओढलं. मावशीने हात सैल सोडला. चार-पाच पोरांनी मिळून गोणूला आडवा उचलला, कुणी मान सांभाळली, कुणी शेपूट. एकाने त्याचा डावा कान आपल्या तळव्याने झाकून धरला, आणि ती सगळी त्याला घेऊन शाळेच्या दिशेने निघाली.