तीन नंबरची घंटा

"वायर काढून ठेवली तरी वाजतीया म्हणती. म्हंजे घंटा भिंतीवर न्हाय वाजत आण्णा, पोरीच्या डोक्यात वाजतीया."

शिवाकाका व्हरांड्यात बसून माझ्या वडलांना, अप्पांना, सांगत होता. मी पॅसेजमध्ये, पडद्याच्या अलीकडे, चहाचा ट्रे घेऊन उभी होते. काका हसला, अप्पा हसले नाहीत. "हळू बोल की," ते म्हणाले. "रविवारी पाहुणे यायचेत तिला बघायला. असलं काय भाईर गेलं म्हंजे झालं."

मी ट्रे घेऊन तशीच स्वयंपाकघरात परत गेले. चहा शेवटी अव्वानं, माझ्या आईनं, नेऊन दिला.

या सदरातले अनुभव मी वाचते, आणि वाचून बाजूला ठेवते. भूत, चकवा, अंगात येणं, यातलं काही मला कधी खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे सिस्टर प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायच्या, आणि ती सवय मला लागली. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. कारण मला सापडलेलं नाही.

आम्ही सोलापुरात होटगी रोडला राहतो. १९७६ साली, म्हणजे हे घडलं तेव्हा, तिथे आमची चारच घरं होती. एका रांगेत, मागे सगळं रान. रस्त्यावरचे दिवे आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते, आणि टेलिफोन चौघांत कुणाकडेच नव्हता. आदल्या वर्षी एक नंबरच्या घरात चोरी झाली. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. चोर त्यांची भांडी तर घेऊन गेलेच, वर फोडणीचा भातही खाऊन गेले. "भात छान झाला होता, त्यांनी पातेलं चाटूनपुसून ठेवलंय," असं पोस्टमास्तर प्रत्येकाला सांगायचे.

त्यानंतर शिवाकाकानं घंटेचं जाळं बसवलं. काका एका मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात आहे. त्यानं चारही घरांच्या दारांना पितळी पट्ट्या लावल्या. दार उघडलं की त्या एकमेकींना टेकून सर्किट जुळायचं. चारही घरांतून वायरी कंपाउंडवरून ओढून आमच्या घरात आणल्या. मुख्य पॅनेल आमच्या पॅसेजमध्ये होतं. लाकडी पेटी, तिला सनमायका, त्यावर चार लाल दिवे, आत रिले, म्हणजे वीज आली की टक करून आपोआप लागणारे स्विच, आणि खाली मोटारीची बॅटरी. कुठल्याही घराचं दार भलत्या वेळी उघडलं की त्या नंबरचा दिवा लागायचा आणि चारही घरांत घंटा वाजायची. शिवाय प्रत्येक घरात एक पांढरं बटण होतं, मदत लागली तर दाबायला. आमच्या पॅनेलवर आणखी एक काळं बटण होतं, उत्तराचं. ते मी दाबलं की ज्या घरातून घंटा आली तिथे छोटा हिरवा दिवा लागायचा. म्हणजे, ऐकलं, येतोय.

वायर कधी तुटेल सांगता येत नाही म्हणून काकानं एक शिस्त घातली. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की प्रत्येकानं आपल्या नंबराइतक्या घंटा द्यायच्या, आणि मी प्रत्येकाला उत्तर द्यायचं. पोस्टमास्तर एक, आम्ही दोन, हिरेमठबाई तीन, आणि चार नंबरचे सावकार चार, तेही आठवण झाली तर. याला आम्ही हजेरी म्हणत असू.

हजेरी घेणं मला आवडायचं. मी कमी बोलते. कॉलेजात प्रोफेसर नाव पुकारायचे तेव्हा माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि वर्गात बसूनसुद्धा माझी गैरहजेरी लागायची. इथे बोलायचं नव्हतं, नुसतं बटण दाबायचं.

हिरेमठबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. माझं मराठी कॉन्व्हेंटमध्ये अर्धंच राहिलं होतं. ते त्यांनी दोन वर्षं रोज दुपारी मोठ्यानं वाचून घेऊन पुरं केलं. "सुमा, मोठ्यानं वाच," त्या म्हणायच्या. "तुझं बोलणं ऐकायचं म्हणजे मलाच वायर ओढून घ्यावी लागेल की तुझ्या गळ्यापर्यंत!" त्यांच्या उजव्या अंगठ्याला संधिवात होता. त्यामुळे त्यांची हजेरी कुणीही ओळखावी अशी... दोन झटपट आणि तिसरी लांबलेली. टिंग-टिंग, टिंऽऽग. अंगठा लवकर उचलता यायचा नाही त्यांना.

त्या मार्चमध्ये बाईंच्या भावाचं सगळं घर लग्नासाठी आठ दिवस विजापूरला जाणार होतं. भाऊ वळसंगचे, मळ्यात घर. घर राखायला बाई तिकडे निघाल्या. जाताना काकाला म्हणाल्या, "शिवाप्पा, तिथं रानात मी एकटी. तुझी घंटा नाही, काय नाही. करमायचं कसं?"

काकानं खिशातनं एक जास्तीचं पांढरं बटण काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या बाई. हे पण जोडलंय समजा. दाबा बिनधास्त, सुमी हाय की हितं."

सगळे हसले. बटणाला वायर नव्हती. मागच्या बाजूला नुसते दोन स्क्रू. बाईंनी ते पर्समध्ये टाकलं, घराला कुलूप लावलं आणि रविवारी सकाळी गेल्या.

सोमवारी तीन नंबर अर्थातच रिकामा गेला.

मंगळवारी भोंगा झाला. पोस्टमास्तरांची एक. मी दोन दिल्या. आणि मग टिंग-टिंग, टिंऽऽग. तीन नंबरचा दिवा लागला.

माझं बोट सवयीनं काळ्या बटणाकडे गेलं आणि थांबलं. बाई परत आल्या? की घरात कुणी शिरलंय? मी अव्वाला हाक मारली. पोस्टमास्तर काठी घेऊन धावले, आम्ही मागून. दाराला कुलूप तसंच, खिडक्या बंद, उंबऱ्यावरची धूळसुद्धा मोडलेली नव्हती. उत्तर मात्र द्यायचं राहिलं. काका कामावरून आल्यावर म्हणाला, "उंदरानं वायर कुरतडली आसंल."

बुधवारी पुन्हा तेच, भोंगा झाला की लगेच, त्याच लयीत. कुंपणापलीकडून पोस्टमास्तर ओरडले, "अहो, ती बंद करा! माझी बशी सांडली!" काकानं तीन नंबरची वायर टर्मिनलवरून काढली, टोकाला टेप गुंडाळला, आणि रविवारपर्यंत शांतता असावी म्हणून घंटेचंही कनेक्शन काढलं. मला म्हणाला, "आता त्या उत्तराच्या बटणाला हात लावू नको. रिले जळंल."

गुरुवारी भोंग्याच्या वेळी मी पॅनेलसमोर उभी होते. का उभी राहिले ते ठाऊक नाही. पेटीच्या आत रिलेचा आवाज झाला. टक-टक... आणि मग टक. तीन नंबरचा दिवा लागला. दोनदा चटकन, तिसऱ्यांदा बराच वेळ. वायर माझ्यासमोर टेप गुंडाळून लोंबकळत होती.

अव्वा पिठाच्या हातांनी आली तोवर दिवा गेला होता. मी तिला सांगितलं. "बाईंचीच हजेरी आहे अव्वा. कुणाला तरी वळसंगला पाठवायला सांग ना."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम कानडीवर गेली. घाबरली की ती कानडीत बोलते. "ब्याड यव्वा, ब्याड," म्हणाली, म्हणजे नको गं बाई, नको. "हे कुणाजवळ बोलू नको." पण रात्रीच्या आत तिनं ते काकाला सांगितलं असणार, कारण मग व्हरांड्यातलं ते बोलणं माझ्या कानावर पडलं.

वळसंग काही लांब नाही. बसनं तास, सव्वा तास. पण मी एकटी कधी स्टँडवरसुद्धा गेले नव्हते. अप्पांना सांगायचं तर काय सांगायचं? त्या रात्री जेवताना वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. इंग्रजीत अगदी नीट तयार होतं. मराठीत आणेपर्यंत अप्पा हात धुवायला उठले.

शुक्रवारी रिलेचा आवाज आला नाही. दिवा फक्त एकदाच लागला, मंद, आणि खूप वेळ राहिला. माझं बोट काळ्या बटणावर होतं. नुसतं टेकलेलं. रिले जळेल, काका चिडेल, रविवारी पाहुणे यायचेत... एवढाच विचार मी करत राहिले. दिवा विझला. मी बोट काढून घेतलं.

शनिवारी काहीच झालं नाही. आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जड गेलं.

रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधीच, बाईंचे भाऊ आमच्या फाटकाशी आले. लग्नाहून ते ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, शनिवारी दुपारी, वळसंगला परतले होते. बाई न्हाणीत पडलेल्या सापडल्या. मंगळवारी पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, उठता येईना. पाण्याची बादली हाताशी होती म्हणून जीव राहिला. गडी एकदा येऊन गेला होता. दार नुसतं ओढलेलं, आत कुणाची चाहूल नाही. बाई सोलापूरला गेल्या असतील असं समजून तो परत फिरला. "हाक मारायला आवाजच ऱ्हायला न्हवता तिला," भाऊ म्हणाले. "मुठीत हे घट्ट धरलं होतं. सोडायलाच तयार न्हवती." आणि त्यांनी पांढरं बटण दाखवलं.

काकानं ते हातात घेऊन उलटं केलं. मागे दोन स्क्रू, वायर नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. बाई त्यानंतर सव्वा महिनाच जगल्या. काकानं पॅनेल उतरवून सगळं सुटं केलं, एकेक रिले तपासला, इस्तरीच्या टेबलावर आठ दिवस मांडून बसला. वायर न जोडता तीन नंबरचा दिवा लावून दाखवायचा त्यानं हर तऱ्हेनं प्रयत्न केला. लागला नाही. मिलमधल्या त्याच्या इंजिनिअरांनाही विचारलं. ते म्हणाले, लागूच शकत नाही. मीही तेच म्हटलं असतं. दोन वर्षं झाली, मला अजून यातलं काही उमगलेलं नाही. आणि उमगलं तरी त्या चार संध्याकाळी परत मिळणार नाहीत.

त्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो, भावानं बाईंना सोलापुरातच आणून ठेवलं होतं. अप्पा, काका आणि मी. बाई कॉटवर इतक्या लहान दिसत होत्या की आधी मी दुसऱ्याच कॉटकडे पाहिलं. उशाशी तांब्या, आणि तांब्याशेजारी ते बटण. भावानं परत आणून ठेवलं होतं.

"शिवाप्पा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुझं बटण लई दाबलं बघ मी. तिथवर भोंगा कुठला ऐकू यायला, पण न्हाणीच्या झरोक्यातनं ऊन गेलं की दाबायची. हजेरी."

"बाई, त्याला वायर—"

"माहीत होतं रे, वायर नाही ते. पण दाबायला काय जातंय?" त्या हसल्या. हसताना त्यांना दुखलं. "हिरवा दिवा नव्हता ना तिथे. त्यामुळे कळेना, पोचतंय का नाही... वाजली का रे कुठं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्हाय ओ बाई. कशी वाजंल?"

अप्पांनीही मान हलवली. "तुमी आराम करा आता. कायतरी मनात आणू नका."

"हं," बाई म्हणाल्या. "तेच म्हटलं मी मनाला. वाजली असती तर सुमानं उत्तर दिलं असतं."

त्यांनी डोळे मिटले. अप्पा उठले, काकानं पिशवी उचलली. मी कॉटचा गज धरून उभी होते. अप्पांनी माझ्या कोपराला हात लावला, चल म्हणून.

"वाजली होती, बाई," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या कॉटवरची पेशंट उठून बसली. "रोज वाजली. मी ऐकली होती."