दोन देशांचं पाणी सोडणारा

पाणीखात्यात मी नकाशे काढण्याच्या कामावर लागले तेव्हा तिशीला टेकले होते. पदरी दोन मुलं होती. पहिल्याच दिवशी ओव्हरसियरांनी पाइपांच्या नकाशांची जुनी भेंडोळी माझ्यासमोर टाकली. म्हणाले, "हे सगळे नव्यानं काढायचेत. पण यातल्या कशावरही विश्वास ठेवू नका. चावीचाचांना विचारा."

चावीचाचा म्हणजे शहरात पाणी सोडणारा माणूस. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळी निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी पीळ द्यायचा. मग एक गल्ली बंद आणि दुसरी सुरू. तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. 'कुठंतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयानं बोलतो. चाचा चावीचं टोक जमिनीला टेकवायचे, वरच्या टोकाला कान लावायचे आणि कुठं मुरतंय तिथं बोट ठेवून दाखवायचे.

एकोणीस दिवस मी त्यांच्यामागून वही घेऊन फिरले.

"लिहा बाई. इथं सहा इंची आहे, तुमच्या कागदावर चार इंची दाखवलीय. आणि ही पुढची गल्ली काढलीय ना, ती गल्लीच नाही. कुणीतरी जेवून आल्यावर डुलक्या घेत काढली असणार."

चौथ्या दिवशी आम्ही माझ्याच घरावरून जात होतो. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, चाचा, पाणी घेऊन मग पुढं जाऊ. सासूबाई तांब्या घेऊन दारात आल्या. चाचा पायरीखाली उकिडवे बसले, ओंजळ पुढं केली आणि सासूबाईंनी हात लागणार नाही अशा बेतानं वरून धार धरली. ते प्यायले, मनगटानं तोंड पुसलं, "बरं वाटलं आई" म्हणाले आणि चावी उचलली.

मुसलमानाला असंच पाणी द्यायचं हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. तांब्यातलं ते पाणी सकाळी साडेसहाला त्यांनीच आमच्या गल्लीत सोडलेलं होतं. पण मी तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच सुमाराला हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं आहेत, त्यांचे दोन देश झाले पाहिजेत, ही गोष्ट आमच्या शहरात मोठमोठ्यानं बोलली जाऊ लागली होती. सभा व्हायच्या, मिरवणुका निघायच्या. वर्षानुवर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलेले लोक एकमेकांना पाण्यात पाहू लागले होते.

नकाशा जुळवायला मी चाचांच्या घरी जायची. दोन खोल्या, एक टेबल, खिडकीत शिवणयंत्र. त्यांचा मुलगा शाळेत इतिहास शिकवायचा. सडपातळ, मऊ बोलणारा, अतिशय वाचणारा. वेगळ्या देशाची बाजू तो मनापासून मांडायचा. एके दुपारी बापलेकांची जुंपली. मी कागदावर मान घालून बसले होते.

"अब्बा, हा शेजाऱ्यांचा तंटा नाही," मुलगा म्हणाला. "आपली प्रार्थना वेगळी, लग्नाचा आणि वारशाचा कायदा वेगळा, मेल्यावर मातीत जाणं वेगळं. मी वर्गात एक लढाई शिकवतो, तर अर्धी मुलं ताठ बसतात आणि अर्धी खाली बघतात. याला एक राष्ट्र म्हणायचं?"

"फरक आहे. कोण नाही म्हणतो?" चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं तुझ्या अम्मीचं आणि माझं एका गोष्टीवर एकमत झालं नाही. मग आम्हीही दोन देश करायचे का?"

शिवणयंत्रावरून चाची म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर केले असते."

सगळे हसले. मुलगाही हसला. मग हसू आवरून तो म्हणाला, "अब्बा, अम्मीनं कधी तुम्हाला उकिडवं बसवून वरून पाणी ओतलंय का?"

त्याला माझ्या घरचं माहीत नव्हतं. तो सगळ्याच घरांबद्दल बोलत होता. माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. चाचांनी नकाशावरचा एक सांधा बोटानं चाचपला.

"तू म्हणतोस ते खरं आहे," ते म्हणाले. "पण त्यांनी वरून ओतलं म्हणून मी खालून बंद करू का?"

मुलाला ते पटलं नव्हतं, आणि चाचांनीही ओढूनताणून पटवायचा प्रयत्न केला नाही.

फाळणी ठरली आणि नवी सरहद्द आमच्या शहराच्या मधोमध, मोठ्या नाल्याच्या कडेनं गेली. विहिरी आणि पंपघर नाल्यापलीकडे, नव्या देशात. उंचावरची टाकी आणि मुख्य चाव्या, म्हणजे जमिनीतल्या झडपा, अलीकडे. पलीकडचं पाणी चढून अलीकडे टाकीत यायचं आणि टाकीतून उतरून दोन्हीकडच्या नळांना जायचं. रेषा आखणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं.

हिंदू इकडे आले, मुसलमान तिकडे गेले. दोन्हीकडे घरं जळली. चाचांचा मुलगा बायकोला घेऊन पलीकडच्या शाळेत रुजू झाला. सून पोटुशी होती, म्हणून चाचीही गेल्या. चाचांचं बोचकं बांधलेलं मी पाहिलं होतं. ओव्हरसियरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही गेल्यावर चाव्या कोण सांभाळणार?" चाचांनी पाळीवरच्या माणसांकडे नजर टाकली. कुणालाही अर्ध्या चाव्याही ठाऊक नव्हत्या. त्यांनी बोचकं सोडलं आणि घरच्यांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं. मी माणसं तयार करून येतो."

अलीकडच्या लोकांना ते आता शत्रूचे वाटत. पलीकडे लोक म्हणायचे, म्हातारा काफरांची चाकरी करायला राहिला. ना घरचे ना घाटचे अशी गत झाली. खात्यातल्या दोघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चाचा मात्र साडेसहाला झाकण उचलत राहिले.

मग ऐन उन्हाळ्यात आवई उठली की पलीकडच्यांनी विहिरीत विष कालवलंय. सगळ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बायकांनी भरलेल्या घागरी रस्त्यावर ओतल्या. दवाखान्यात पाणी उकळूनही कुणी प्यायला तयार नव्हतं. माझा धाकटा घसा सुकून रडत होता आणि मी, पाणीखात्यात नोकरी करणारी बाई, त्याला पेला द्यायला धजत नव्हते.

चाचा सकाळी सात वाजता चौकातल्या सार्वजनिक नळावर गेले. लोकांच्या देखत नळ सोडला, एक पेला प्यायले, दुसरा प्यायले, आणि नळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. दर तासाला एक पेला. कुणीतरी ओरडलं, "यांना उतारा माहीत असणार!" चाचा म्हणाले, "मग माझ्याशेजारी बस आणि मी काय खातो ते बघ." तो खरोखरच बसला. दुपारपर्यंत कट्ट्यावर पंधरावीस जण पहाऱ्याला होते. चाचांनी त्यांच्यासमोर काही खाल्लं नाही, ते फक्त पाणी प्यायले. त्या माणसांनी दगड आणले असते तर चाचांना पळायलाही जागा नव्हती. हे त्यांना कळत होतं. त्यांची नजर पुन्हा पुन्हा चौकाच्या तोंडाकडे जात होती, तरी ते कट्ट्यावरून उठले नाहीत.

चार वाजता गर्दीतून माझ्या सासूबाई पुढं आल्या. कमरेवर घागर. त्यांनी चाचांना आपादमस्तक न्याहाळलं. "सकाळपासून पिताय?"

"होय आई."

"पोटात काही होतंय?"

"भूक लागलीय, बाकी काही नाही."

सासूबाईंनी घागर नळाखाली लावली. चाचांच्या पेल्याला काही हात लावला नाही. त्या एका दिवसात बदलल्या असं मी म्हणणार नाही. पण घागर भरली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, ओंजळीनं घोटभर प्यायल्या. त्यांच्यामागे रांग लागली. माझा धाकटा त्या संध्याकाळी इतकं पाणी प्यायला की त्याला उलटी झाली आणि आमची पुन्हा घाबरगुंडी उडाली.

पुढच्या महिन्यात दोन्ही देशांचे अधिकारी वाटणीसाठी आले. नाल्यालगतच्या रिकाम्या शाळेत टेबल मांडलं. पंपघरातून टाकीत येणारा मोठा पाइप तोडायचा, मग ज्याचं तो बघेल, यावर त्यांचं आश्चर्यकारक एकमत होतं. फक्त पाइप नाल्याखालून नेमका कुठून जातो ते हवं होतं. चाचांना बोलावलं आणि नकाशासाठी मला.

"दाखवणार नाही," चाचा म्हणाले.

"तुम्ही सरकारी नोकर आहात," आमच्याकडचा अधिकारी म्हणाला.

"म्हणूनच. साहेब, वेगळे देश तुम्ही केलेत, त्यात मी कुठं आडवा आलो? पण यांच्याकडे टाकी नाही आणि तुमच्याकडे विहीर नाही. आधी दोघांनी आपापलं बांधा. पाणी आलं की मला बोलवा. मी स्वतः तोडून देतो."

पलीकडचा अधिकारी चिडला. "तुम्ही आमच्यातले असून असं बोलता?"

"मी तुमच्यातलाच आहे. माझा नातू तुमच्याकडचंच पाणी पितो."

मग दोघं माझ्याकडे वळले. नकाशा माझ्या मांडीवर होता, त्यावर तो पाइप निळ्या शाईनं स्वच्छ काढलेला होता. मी म्हटलं, "नाल्याखालचा भाग अजून अपुरा आहे." नोकरीत मी बोललेलं तेवढंच खोटं. चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

तीन बैठकांनंतर कागद झाला. दोन्हीकडे आपापली सोय होईपर्यंत पाइप तोडायचा नाही, आणि रोज दहा वाजता अलीकडचा चावीवाला आणि पलीकडचा पंपवाला सरहद्दीच्या फाटकावर भेटून पाण्याची पातळी एकमेकांना सांगतील.

त्या भेटीला चाचाच जायचे. महिन्यातून एकदा पलीकडच्या तारेशी चाची उभ्या असायच्या, कधी कडेवर नातू. शिपाई पाच मिनिटं काणाडोळा करायचे. मुलगा पहिल्या वर्षी एकदाही आला नाही. बापानं आपल्याला खोटं पाडलं असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या वर्षी आला. तारेतून बोटं घालून उभा राहिला, म्हणाला, "अब्बा, बारीक झालात."

चाचांनी तीन माणसं शिकवली. त्यांतले दोघे पलीकडे घरदार जळाल्यानं निघून आलेले हिंदू होते. पहिला आठवडा त्यातल्या एकानं चाचांकडे पाठ करूनच काम केलं. तिसऱ्या महिन्यात तोच मला म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याला सांगा, सकाळी थंडीत झाकणं उचलू नका म्हणावं. आम्ही आहोत ना."

दोन वर्षं नऊ महिने झाल्यावर चाचा अर्ज देऊन पलीकडे गेले. आम्ही फाटकापर्यंत पोचवायला गेलो. सासूबाई आल्या नाहीत, पण रस्त्यासाठी त्यांनी पाण्याची नवी बाटली भरून दिली आणि म्हणाल्या, "परत करायला सांगू नकोस." चाचांनी चावी, पूर्वी त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्या त्या माणसाच्या हाती दिली, कुणाला मिठीबिठी न मारता चालू लागले.

पाइप पुढं आठ वर्षं चालला. दोन्ही शहरांनी आपापली टाकी, आपापली विहीर केली आणि मग तो रीतसर बंद झाला. तोवर चाचा वारले होते. मुलाचं पत्र मला तिसऱ्याच देशातल्या एका नातेवाइकाकरवी आलं. त्यानं लिहिलं होतं, 'आपण दोन राष्ट्रं आहोत हे माझं मत आजही तेच आहे, आणि अब्बांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण माझी मुलं त्या तीन वर्षांत तहानेनं मेली नाहीत, याचं श्रेय माझ्या मताला नाही, हे मी जाणतो.'

त्या दोघांत कोण बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. मुलाचा तो दुपारचा प्रश्न अजून टोचतो. पण माणूस म्हणून मी ज्याच्यापुढं मान झुकवते तो एकच, कट्ट्यावर दर तासाला पेला भरून पिणारा.

पत्राच्या शेवटी मुलानं आणखी एक ओळ लिहिली होती. मुलींच्या शाळेमागच्या चावीतलं गळती रोखणारं पॅकिंग कुजलं असेल, बाईंना बदलायला सांग, असं अब्बा अखेरच्या आजारात दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाकण उचललं. खड्ड्यात घोटाभर पाणी साचलं होतं. पॅकिंग बदलायला दुपार गेली.