कुलूपवाले साडू

जगात असा एकही विषय नव्हता, जो आमचे साडू तीन वाक्यांत कुलपावर आणू शकत नसत. तुम्ही भाताच्या लावणीबद्दल बोला, मुंबईहून सुटीला आलेल्या पुतण्याबद्दल बोला, नाहीतर रायगडावरच्या गर्दीबद्दल; पहिल्या वाक्याला ते मान हलवत, दुसऱ्याला चष्मा पुसत आणि तिसऱ्याला म्हणत, "अगदी बरोबर. आता आमच्या लॉकचंच बघा." मग चहा निवला, पाहुणे उठले, एसटी चुकली, तरी लॉक संपत नसे.

हे कुलूप दाराचं नव्हे, संगणकाच्या पोटातलं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो अगदी आतला गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि आमचे साडू त्या कर्नलमध्ये काम करत. पुण्याची मोठी नोकरी घरबसल्या करायची मुभा मिळाली, तेव्हा माझी मेहुणी म्हणाली, "घरबसल्याच करायची तर आपल्या घरी बसून करा." म्हणून दोघं पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वाटेवरच्या तिच्या सासरच्या वाडीत येऊन राहिली. साडू पुण्यातच वाढलेले, त्यामुळे वाडीत बातमी पोचली ती एवढीच, की पुण्याहून आलेला माणूस कुलपाचं काम करतो. आठवडाभरात शेजारचे म्हातारे बाबा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन अंगणात हजर. "ओ कुलपावाले, ह्या पेटीचा कुलूप गंजलाय, उघडत नाय. जरा बघता काय?" दुसऱ्या कोणी हसून वाटेला लावलं असतं. साडू पेटीपुढे मांडी घालून बसले, तेल घातलं, तार घातली, आणि मधल्या वेळात बाबांना कर्नल समजावला. शेवटी बाबांनीच दगड घालून कुलूप फोडलं आणि जाताना मेहुणीला हळूच म्हणाले, "मानूस चांगला हाय गो. पण कामात कच्चा हाय."

त्यांचा प्रश्न मात्र खरा होता, आणि इतक्या वेळा ऐकल्यामुळे मलाही पाठ झाला होता. वर्गात फळा आहे असं समजा. तो कितीही जणांनी एकदम वाचला तरी बिघडत नाही. पण कोणी पुसून नवं लिहायला लागला, की वाचणारे बाहेर हवेत. म्हणून दारावर एक आकडा; हेच ते कुलूप. वाचणारा आत जाताना त्यात एक मिळवतो, बाहेर पडताना एक वजा करतो. आकडा शून्य झाला की लिहिणाऱ्याने आत शिरायचं. यंत्रात दोन-चार प्रोसेसर होते तोवर हे सुरळीत चाललं. आता एकेका यंत्रात शेकड्यांनी प्रोसेसर, आणि सगळ्यांची झोंबाझोंबी त्या एका आकड्यावर. "भाऊजी, वाचायला वेळ लागतच नाही," ते कळवळून सांगत, "आकडा हाती यायला लागतो!" जणू मी महाडच्या माझ्या औषधाच्या दुकानातून उठून ताबडतोब काही करायला हवं होतं.

हे दुखणं त्यांना सगळीकडे दिसे. आमच्या पुतणीच्या लग्नात जेवणाची रांग अडली, कारण आमटीच्या पातेल्यात एकच पळी होती. साडूंनी आचाऱ्याच्या मागे लागून सहा पळ्या आणवल्या. एका पातेल्यात सहा पळ्या एकदम शिरल्या, एकमेकींवर आपटल्या आणि आमटी नवऱ्यामुलाच्या मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सगळे साडूंकडे बघत होते आणि साडू पातेल्याकडे. "चुकलं," ते गंभीरपणे म्हणाले, "पातेलीही सहा हवी होती." त्यांचा उपायही हाच होता म्हणे: प्रत्येक प्रोसेसरला आपापला आकडा, तोही दुसऱ्याच्या आकड्यापासून लांब ठेवलेला.

हे सगळं मन लावून ऐकणारं माणूस एकच, माझी मेहुणी. मन लावून म्हणजे, दहा मिनिटांत तिला गाढ झोप लागे. "ह्यांचं कुलूप म्हणजे माझी झोपेची गोळी," ती सांगायची, "भाऊजी, तुमच्या दुकानात मिळायची नाही." साडूंना त्यात काही वावगं वाटत नसे. तिला सांगताना आपली चूक आपल्यालाच सापडते, एवढं त्यांना पुरे होतं. ती झोपली की ते गप्प होत आणि तिच्या अंगावर पांघरूण घालत.

मग तिच्या किडन्या गेल्या. दर दोन-तीन दिवसांनी वाडीहून महाडला डायलिसिससाठी यायचं, तासन्‌तास त्या यंत्राला जोडून पडून राहायचं. डबा घेऊन मी जायचो. एकदा ती कूस बदलता येत नाही म्हणून रडवेली झाली होती. म्हणाली, "अहो, सांगा ना ते तुमचं कुलूप. डोळा लागत नाही." साडूंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली: फळा, वाचणारे, आकडा. पलीकडच्या खाटेवरच्या आजीसुद्धा घोरायला लागल्या. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. नर्स त्यांना "कथेकरीबुवा" म्हणायची.

गणपती गेले आणि पाठोपाठ ती गेली.

त्याच्या थोडंच आधी साडूंनी आपलं काम जगभरच्या कर्नलवाल्यांपुढे ठेवलं होतं. त्यातल्या एका परदेशी माणसाने शंका काढली होती: आकडे इतके विखुरले, तर लिहिणाऱ्याने सगळीकडे फिरून बेरीज करेपर्यंत ताटकळायचं का? साडूंनी उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. दिवाळी झाल्यावर मी वाडीत गेलो, तर हे ओटीवर बसलेले, लॅपटॉप मिटलेला.

"उत्तर येत नाही का?" मी विचारलं.

"येतं, भाऊजी. पण मी आधी तिला सांगायचो. आता कोणाला सांगू?"

"मला सांगा."

त्यांनी सांगायला घेतलं. फळा आला, आकडा आला, आकड्यांची वाटणी आली, आणि ते एकदम थांबले. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, "इथं तिला झोप लागायची. ह्याच्या पुढचं मी मोठ्यानं कधी म्हटलंच नाही." मी म्हणालो, "मी जागा आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकेक शब्द चाचपडत पुढे निघाले. लिहिणारा क्वचित येतो. तो आला, की नव्यांनी थांबायचं, आत असलेल्यांनी वाचून निघायचं. तो गेला की पुन्हा आपापले आकडे. मधेच ते अडखळले, मागे गेले, "अरे, इथं एकजण मोजायचा सुटतोय," असं पुटपुटले आणि लॅपटॉप उघडला. मी उठलेलंही त्यांना कळलं नाही.

ती चूक दुरुस्त झाली, उत्तर गेलं, त्या परदेशी माणसाने मोठ्या यंत्रांवर चाचण्या घेतल्या आणि उन्हाळ्यात ते काम कर्नलमध्ये आलं. साडू सांगायला दुकानात आले. "घेतलं त्यांनी," एवढंच म्हणाले. मी पेढे आणले. एक त्यांनी खाल्ला, एक हातात धरून ठेवला, आणि मग कुठे ठेवावा ते न कळून मलाच परत दिला.

परवा ते पुन्हा घरी आले होते. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, कुठलं तेल लावतो ते विचारलं, मुलाच्या नोकरीचं विचारलं, पावसाचं बोलले आणि चहा गरम असतानाच प्यायले. आमची ही हळूच म्हणाली, "किती माणसांत आले ना आता!" आले खरे. इतकी वर्षं आम्हाला तेच तर हवं होतं. त्यांना पोचवायला मी स्टँडवर गेलो. खिडकीशी बसण्याआधी त्यांनी एका बाईची पिशवी वर ठेवून दिली, पोलादपूरला उतरणाऱ्या कोणाला तरी जागा करून दिली, आणि मला हात केला. अगदी चारचौघांसारखे दिसत होते. गाडी सुटली, तरी मी बराच वेळ तिथेच उभा होतो.